सातव्या महिन्यात पोटात दुखतंय: सोनोग्राफी, एमआरआय की सीटी स्कॅन?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं नीट लागेल. बहीण २८ आठवड्यांची गरोदर, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. कालपासून पोटात उजव्या बाजूला दुखतंय, दोनदा उलटी झाली, जेवणावर वासना नाही. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. रिपोर्टात बाळ व्यवस्थित, पाणी पुरेसं, उजव्या किडनीला थोडी सूज, आणि शेवटी एक ओळ: ‘अपेंडिक्स दिसले नाही’. डॉक्टर म्हणतात शहरात नेऊन एमआरआय करा, नाही जमलं तर सीटी स्कॅनही करावा लागेल. आई म्हणते सातव्या महिन्यात एवढं दुखतंच. सासरच्यांचं म्हणणं, बाळाला किरणं नकोत, दोन दिवस थांबून बघू.

थांबू नका. तिला घेऊन निघा, बाकीचं गाडीत बसून वाचलंत तरी चालेल. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी अतिदक्षता विभाग हे सगळं एकाच ठिकाणी असेल असं रुग्णालय गाठा. तोवर एरंडेल किंवा कुठलंही रेचक देऊ नका. घरातली दुखण्याची गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, मुळीच नको. २० आठवड्यांनंतर या गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर आणि त्याच्या भोवतीच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. पोटात अन्न नसलेलं बरं, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गरोदर बाईच्या पोटदुखीत माझ्यापर्यंत पोचायला जो उशीर होतो, त्याचं एक मोठं कारण म्हणजे ‘बाळ व्यवस्थित आहे’ हे वाक्य. ते खरं असतं, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतं. गरोदरपणातल्या नेहमीच्या सोनोग्राफीत आम्ही बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतो, ठोके बघतो, पाणी आणि वार बघतो. आईचं अपेंडिक्स, पित्ताशय, मूत्रवाहिनी, ओव्हरी (अंडाशय) हे त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) लागतो, बाईला वेगळ्या कुशीवर वळवावं लागतं आणि वेळ द्यावा लागतो. सात महिन्यांच्या गर्भाशयाने पोटातली बहुतेक जागा व्यापलेली असते. आतडी वर आणि मागे ढकललेली असतात. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सोनोग्राफी’ लिहून पाठवलं की बाळाचा रिपोर्ट येतो आणि दुखणं तिथंच राहतं. चिठ्ठीवर नेमकं कुठे दुखतंय, कधीपासून, ताप आहे का, उलट्या किती, आधी सिझेरियन किंवा दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे का, एवढं असलं की आमची नजर योग्य जागी जाते. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर टेबलावर झोपल्यावर बाईने स्वतः बोट ठेवून सांगावं, ‘इथं दुखतंय’. त्या बोटाखाली प्रोब ठेवून पाहणं ही आमच्या कामातली फार मोलाची गोष्ट आहे.

आता ती शेवटची ओळ. ‘अपेंडिक्स दिसले नाही’ याचा अर्थ अपेंडिक्स चांगलं आहे असा अजिबात होत नाही. त्या तपासणीने हो किंवा नाही यातलं काहीच ठरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सोनोग्राफीने अपेंडिक्स शोधायची जी पद्धत आज जगभर वापरली जाते ती नेदरलँड्सच्या पुइलार्ट यांनी १९८६ साली मांडली: प्रोबने पोट हळूहळू दाबत जायचं, आतड्यातली हवा बाजूला सारायची आणि मागचं अपेंडिक्स नजरेत आणायचं. दाबूनही चपटं न होणारं, ६ मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबल्यावर नेमकं तिथंच दुखणारं अपेंडिक्स दिसलं की सुजलं आहे असं समजायचं. पहिल्या चार-पाच महिन्यांत हे बऱ्याचदा जमतं. त्यानंतर दाबायला गेलं की मध्ये गर्भाशय येतं. बाईला डाव्या कुशीवर वळवून, गर्भाशय बाजूला सरकू देऊन मागून पाहण्याची युक्ती करतो, तरीही शेवटच्या तीन महिन्यांत पुष्कळ वेळा अपेंडिक्स सापडत नाही. त्यात तालुक्याच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. उलट त्यांनी ते शोधलं आणि दिसलं नाही हे प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणूनच पुढचा रस्ता मोकळा झाला.

गरोदरपणात अपेंडिक्सला सूज येणं फार दुर्मिळ नाही. साधारण १५०० गरोदरपणांमागे एक असं प्रमाण धरतात, आणि बाळंतपणाशी संबंध नसलेल्या कारणाने गरोदर बाईच्या पोटावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते त्यात हेच पहिल्या क्रमांकाचं कारण. ओळखायला अवघड का जातं? उलट्या आणि भूक मंदावणं गरोदरपणात असतंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी ११ हजारांपुढे गेल्या की आपण सावध होतो. गरोदर बाईत १५-१६ हजारही निरोगी असू शकतात. पोटाचे स्नायू ताणलेले असल्याने पोट लाकडासारखं कडक लागत नाही. भरीला जुनी शिकवण आहे, की गर्भाशय वाढतं तसं अपेंडिक्स वर सरकतं, म्हणून दुखणंही बरगडीखाली येतं. १९३२ साली शिकागोच्या डॉक्टरांनी गरोदर बायकांना बेरियम (आतडी एक्स-रेत उठून दिसावीत म्हणून द्यायचं औषध) देऊन एक्स-रे काढले, त्यावरून ही कल्पना रूढ झाली. (त्या काळी हे चालत असे, आज कोणी करणार नाही.) नंतरच्या अभ्यासांत दिसलं की अपेंडिक्स थोडं वर गेलं तरी बहुतेकींना दुखतं ते उजवीकडे खालीच. तेव्हा दुखणं खाली असो की बरगडीजवळ, दोन्हीकडे अपेंडिक्सचा संशय ठेवावा लागतो.

म्हणून एमआरआय. यात किरणं नसतात; मोठं चुंबक आणि रेडिओलहरी असतात. गरोदर बाईसाठी आम्ही वेगवान चित्रं घेतो, एकेक चित्र सेकंदाच्या आसपास, कारण बाळ हलत असतं आणि आईला श्वास फार वेळ रोखून धरता येत नाही. सगळं मिळून वीसेक मिनिटं. सातव्या महिन्यात पाठीवर सपाट झोपवलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते, म्हणून एका कुशीखाली उशी देऊन डावीकडे कलतं झोपवायला सांगा. आवाज मोठा असतो. कानाला बोळे किंवा हेडफोन देतात. अपेंडिक्सच्या दुखण्यात एमआरआयचं उत्तर दहापैकी नऊहून अधिक वेळा बरोबर येतं. शिवाय अपेंडिक्स निर्दोष निघालं तर दुखण्याचं दुसरं कारण बहुधा त्याच चित्रांत सापडतं.

एमआरआयच्या सुरक्षिततेविषयी घरच्यांना हवं तर हे सांगा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या १४ लाखांहून जास्त बाळंतपणांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय झालेल्या आयांच्या बाळांमध्ये त्यामुळे काही अपाय झाल्याचं दिसलं नाही. पण ज्या आयांना गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देऊन एमआरआय केला, त्यांच्या बाळांमध्ये मृत जन्म किंवा जन्मानंतर लवकर मृत्यू आणि सांध्यांचे-त्वचेचे दाहक आजार जास्त आढळले. म्हणून साधा एमआरआय, औषधाविना. अपेंडिक्ससाठी त्या औषधाची गरजच पडत नाही. गरोदर आहे हे केंद्रात गेल्या गेल्या सांगा, सातव्या महिन्यात दिसत असलं तरी सांगा, आणि गॅडोलिनियम देणार नाही ना हे विचारून घ्या.

आता सीटी स्कॅन, ज्यात एक्स-रेचीच किरणं असतात, आणि त्या किरणांची भीती. ही भीती अडाणीपणाची नाही, तिला खरा इतिहास आहे. पूर्वी बाळंतपणाआधी कंबरेचं हाड मोजायला, बाळाची ठेवण बघायला सर्रास एक्स-रे काढत. इंग्लंडच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आयांना भेटून माहिती जमवली आणि जून १९५८ मध्ये सविस्तर मांडलं, की पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये बालपणीचा कर्करोग जास्त दिसतो. सुरुवातीला त्यांच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. योगायोग असा की त्याच जून महिन्यात ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांचा पोटातल्या गाठी ध्वनिलहरींनी पाहण्यावरचा लेख आला, आणि आजच्या सोनोग्राफीचा पाया तिथे घातला गेला. एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असं ठरलं होतं. ध्वनिलहरींनी तिची गाठ ओव्हरीतली पाण्याची असल्याचं दाखवलं, ती काढली आणि बाई बरी झाली. आजही गरोदरपणात सोनोग्राफी पहिली करतात त्यामागे हाच सगळा अनुभव आहे.

पण स्टुअर्टबाईंचा इशारा म्हणजे ‘कधीच नाही’ असा नव्हता, आणि आज आपल्याजवळ मोजमापं आहेत. बाळापर्यंत पोचणाऱ्या किरणांचं माप मिलिग्रे. कुठलीही तपासणी न करता, निव्वळ माती, हवा आणि आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे नऊ महिन्यांत बाळाला अर्धा ते एक मिलिग्रे मिळतो. आईच्या छातीच्या एक्स-रेतून मिलिग्रेच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. पोटाच्या एका एक्स-रेतून ०.१ ते ३. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये यंत्र आणि पद्धत यांनुसार साधारण १.३ ते ३५, ओटीपोटाच्या सीटीत १० ते ५०. जन्मजात व्यंगाचा धोका ५० मिलिग्रेच्या खाली वाढल्याचं दिसत नाही. मेंदूच्या वाढीला सगळ्यात नाजूक काळ आठव्या ते पंधराव्या आठवड्याचा. तेव्हाही गंभीर परिणामासाठी किमान ६० मिलिग्रेच्या वर जावं लागतं. तुमच्या बहिणीचा तो काळ केव्हाच सरला आहे.

उरतो कर्करोगाचा प्रश्न, आणि इथे शून्य धोका आहे असं मी म्हणणार नाही. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण एरवी ३००० मुलांमागे साधारण १ असतं. १० ते २० मिलिग्रे किरणांनी ते दीड ते दोन पट होऊ शकतं, म्हणजे ३००० मागे फार तर २. आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. अपेंडिक्स सुजलेलं पण न फुटलेलं असताना शस्त्रक्रिया झाली तर बाळ गमावण्याची शक्यता शंभरात तीन-पाच. फुटून पोटभर पू झाला तर तीच शंभरात २० ते ३५ पर्यंत गेल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि आईच्या जिवालाही धोका उभा राहतो. दोन दिवस थांबण्याची किंमत ही आहे. म्हणून एमआरआय वेळेत मिळत असेल तर एमआरआय. तो मिळायला उद्या दुपार उजाडणार असेल, ताप चढत असेल, नाडी धावत असेल, तर सीटी करावा किंवा सर्जनची खात्री असेल तर थेट शस्त्रक्रिया करावी. अपघात होऊन पोटाला मार लागलेली गरोदर बाई आली तर सीटीची गरज असताना मी क्षणभरही अडवत नाही. आई वाचली तरच बाळ वाचतं.

सीटीत शिरेतून आयोडीनचं औषध द्यावं लागलं तर जन्मानंतर बाळाची थायरॉइडची तपासणी चुकवू नका; ती तशीही प्रत्येक बाळाची व्हायला हवी. आणि एक गोष्ट इथेच सांगते, कारण हा प्रश्न मला फार वेळा येतो: गरोदर आहे हे कळायच्या आधी एक्स-रे किंवा सीटी झाला म्हणून गर्भपात करायला धावू नका. १०० मिलिग्रेच्या आत तेवढ्या एका कारणासाठी गर्भपात करू नये असं किरणसुरक्षेची आंतरराष्ट्रीय समिती सांगते, आणि निदानासाठीच्या एखाद्या तपासणीत तो आकडा जवळपास कधीच गाठला जात नाही.

किडनीच्या सुजेकडे वळू, कारण त्या ओळीनेही तुम्ही घाबरला असाल. गर्भाशय वाढताना थोडं उजवीकडे कलतं आणि उजवी मूत्रवाहिनी दाबली जाते. शिवाय गरोदरपणातली संप्रेरकं ती नळी सैल करतात. त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत बहुतेक बायकांची उजवी किडनी फुगलेली दिसते आणि तो आजार नसतो. मूतखडा असेल तर दुखणं पाठीतून जांघेकडे उतरतं, लघवीत रक्त सापडतं, आणि नळी गर्भाशयाच्या दाबाच्या जागेच्याही खाली फुगलेली दिसते. मूत्राशयात लघवीची धार दोन्ही बाजूंनी उसळते का हे डॉपलरने, म्हणजे वाहतं रक्त किंवा लघवी टिपणाऱ्या सोनोग्राफीने, रंगात पाहता येतं. ते पाहताना बाईला दुखऱ्या बाजूच्या उलट कुशीवर झोपवावं, नाहीतर निव्वळ गर्भाशयाच्या दाबाने धार दिसत नाही आणि नसलेला खडा रिपोर्टात येतो. खडा अगदी खाली अडकला असेल तर योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तो छान दिसतो. गरोदरपणातले बहुतेक खडे पाणी, औषध आणि थोडा धीर यांनी आपसूक पडतात. पण खड्यासोबत ताप असेल तर ती तातडीची गोष्ट.

उजव्या बाजूच्या दुखण्यात आणखी कितीतरी गोष्टी येतात. पित्ताशयातले खडे गरोदरपणात वाढतात आणि सोनोग्राफीत सहज दिसतात. ओव्हरीला पीळ बसणं बहुधा पहिल्या चार महिन्यांत होतं, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांनंतर जास्त. तिथे एक धोका आहे: डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही, कारण ओव्हरीला दोन बाजूंनी रक्त मिळतं. गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ आतून मरायला लागली की तिच्यावर प्रोब ठेवताच बाई कळवळते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पोटात दुखलं तर सगळ्यात आधी गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत तर नाही ना हे बघायचं.

यातल्या दोन गोष्टींवर मात्र थांबते, कारण तिथे चांगला रिपोर्ट फसवतो. बरगडीखाली उजवीकडे किंवा वर मध्यभागी दुखणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, वाढलेला रक्तदाब: हे यकृतावर आलेल्या गरोदरपणाच्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी सोनोग्राफी बऱ्याचदा निर्दोष असते. निदान रक्तदाबाच्या यंत्राने आणि रक्ताच्या तपासणीने होतं, प्लेटलेट आणि यकृताच्या एन्झाइम्सवरून. दुसरी, बाळंतपणाआधीच वार गर्भाशयापासून सुटणं. पोट एकसारखं कडक, दुखणं थांबत नाही, रक्तस्राव असेल किंवा नसेलही. सोनोग्राफीत वारेमागचं ताजं रक्त वारेसारखंच दिसतं, म्हणून निम्म्याहून जास्त वेळा ते नजरेतून निसटतं. ‘वार व्यवस्थित’ असा रिपोर्ट हातात असूनही पोट कडक राहिलं, बाळाची हालचाल मंदावली, तर बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना पुन्हा बोलवा. तपासणाऱ्याचा हात आणि आईचं सांगणं माझ्या रिपोर्टपेक्षा मोठं आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

कागदांविषयी. गरोदर बाईची सोनोग्राफी कुठल्याही अवयवाची असो, नुसत्या किडनीची असली तरी, गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यानुसार फॉर्म एफ भरावा लागतो आणि नोंदणी झालेल्या केंद्रातच ती होते. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. या फॉर्मसाठी रात्री अकरा वाजता ओळखपत्र शोधत बसावं लागतं आणि नातेवाईक आमच्यावर चिडतात. मुलींच्या जिवासाठी तो कायदा आहे, त्याला आमची पूर्ण साथ आहे. तुम्ही फक्त तिचं आधार कार्ड, डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत घाला.

निघण्याआधी दोन फोन करा. पहिला रुग्णालयाला: गरोदर बाई, २८ आठवडे, अपेंडिक्सचा संशय, सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत का. दुसरा एमआरआय केंद्राला, आणि तिथे यंत्र चालू आहे का एवढंच विचारून फोन ठेवू नका. रात्री चित्रं बघून लगेच रिपोर्ट देणारं कोणी आहे का, ते विचारा. रिपोर्ट उद्या दुपारी मिळेल असं उत्तर आलं तर त्या केंद्राचा नाद सोडा आणि ज्या रुग्णालयात आत्ता, रात्रीच ती चित्रं वाचून सर्जनशी बोलणारं माणूस आहे तिथे जा, मग ते वीस-तीस किलोमीटर लांब असलं तरी.